पंगतीतला एक फोटो

प्रिय जिजा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुझ्या वह्यांत लाल शाईने चार वर्षं शेरे लिहिले, पण पत्र कधी लिहिलं नाही. फोन केला असता, पण तू हल्ली फोन रेकॉर्ड करतेस असं आमची मनस्वी म्हणाली, आणि या वयात मला शब्द मोजून बोलायला जमणार नाही. म्हणून भरतकडे हे पाठवते आहे. भरत आमच्या गाडीवर नवा आहे, पण समजूतदार आहे. तो आधी तुझा मोबाइल मागेल, तो त्याच्या हातात देऊन टाक. मग दवाखान्यातल्या बाकावर निवांत बसून वाच. घाई नाही, तो दाराशी थांबेल. वाचून झालं की पत्र त्याच्याकडेच परत दे. पूर्वी वही तपासायला माझ्याकडे परत यायची ना, तसं समज.

काल मी कामोठ्याच्या दवाखान्यात जाऊन तुझ्या वडिलांना बघून आले. तू ड्यूटीवर होतीस. बाळ्या बरा दिसला. चेहरा तरी बरा दिसला, कमरेखाली चादर होती. मी मोसंबी नेली होती. ती सोलून त्याच्या हातात दिली तर म्हणतो, बाई, तुमी कशाला सोलता, मी सोलतो की. हात शाबूत आहेत त्याचे, ही देवाची कृपाच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, आता इथून पुढे करण्यासारखं फार नाही, घरी न्या, दर दोन तासांनी कूस बदला, नळीची काळजी घ्या. तू नर्स झालीस ते किती बरं झालं बघ. मी तुला तेव्हा शाळेतून गळू दिलं नाही, त्याचं फळ आज बाळ्याला मिळतं आहे.

त्याला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला सांगू? पत्रिकेचा. मनस्वीच्या लग्नाच्या काही पत्रिका उरल्या होत्या. त्यातल्या एकीवर मी माझ्या हाताने नाव घातलं, चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि त्याला नेऊन दिली. नाव लिहायला बसले तेव्हा पेन अडलं. आम्ही आपले बाळ्या, बाळ्या म्हणत सव्वीस वर्षं काढली. पण मग मला तुझा हजेरीपट आठवला. जिजा बाळाराम मुकणे. म्हणून लिहिलं, श्री. बाळाराम सोमा मुकणे, सहकुटुंब सहपरिवार. त्याला वाचता येत नाही, मी बोटाने दाखवलं. किती वेळ तो त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होता. मग हळूच विचारतो कसा, बाई, म्हणजे मी त्या दिशी पावना व्हतो? मी म्हटलं, होतासच. उशीखाली ठेवली आहे त्याने ती. तू चादर बदलताना हातात आली असेल, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे तू ती फाडली नसशील अशी मी आशा करते.

तुला राग येतो आहे हे मला इथे बसून दिसतं आहे. तुझा राग मला नवा नाही. दुसरीत असताना पाटी पुसायला सांगितली तर तू ती खिडकीबाहेर फेकली होतीस. पण राग बाजूला ठेव आणि विम्याचं काय आहे ते नीट समजून घे, कारण विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर तू जे बोललीस ते काही न समजता बोललीस.

आपल्या लॉनवर लग्नं लागायला लागली, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं पोरंबाळं घेऊन राहायला यायला लागली, तेव्हा हेतलबेन आमच्या शेठच्या मागे लागली. नवीन पनवेलला तिचं ऑफिस आहे. न्हावा शेव्याला चालणाऱ्या आपल्या दोन्ही ट्रेलरचे विमे तीच बघते. ती म्हणाली, आनंदाशेठ, उद्या कोणी पाहुणा तुमच्या जागेत पडला, कोणाला शॉक बसला, तर तो तुमच्यावर दावा लावेल, शेत विकायची पाळी येईल. त्यासाठी वेगळा विमा असतो. तिऱ्हाईत माणसाला आपल्या जागेत इजा झाली, तर भरपाई कंपनी देते. मला ते पटलं. ओटीवर बसून आम्ही फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, शेतावर कामगार किती. त्यांची नावं, वयं, काम, सगळं द्यायचं, त्यांच्यासाठी विम्याचा वेगळा भाग जोडावा लागतो. शेठ म्हणाले, आमच्याकडं कामगार कोन हाय? सगली घरचीच मानसं हायेत. हेतलबेनने शून्य घातलं. बाळ्या तेव्हा समोरच शहाळी सोलत बसला होता. घरचीच माणसं म्हटल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्याने हेतलबेनला दोन शहाळी जास्तीची गाडीत नेऊन ठेवली. फॉर्म मी स्वतः वाचून बघितला होता. मला त्यात काही चूक दिसली नाही.

आता कंपनी विचारते, हा जखमी माणूस तुमचा कोण? कामगार म्हणावं तर आम्ही कामगार शून्य लिहून दिले आहेत. घरचा म्हणावं तर मालकाच्या घरच्या माणसांना हा विमा लागूच नाही. मग उरलं काय? पाहुणा. हळदीला आलेला पाहुणा, मालकाच्या जागेत पाण्याच्या टाकीचा सांगाडा कोसळून जखमी झाला. इतकं सरळ आहे. तू मात्र त्या सर्व्हेअरला गाठून सांगितलंस की माझे वडील सव्वीस वर्षं इथे राबतात, त्यांना कोणी पाहुणा म्हणून बोलावलंच नव्हतं. कोणी विचारलं होतं तुला?

आणि वर पोलिसांत अर्ज दिलास. त्याची प्रत मी वाचली. खरं सांगते, वाचताना एका डोळ्यात राग होता आणि एका डोळ्यात कौतुक. काय अक्षर आहे! एक काना-मात्रा चुकलेली नाही. 'टाकीचा लोखंडी सांगाडा गंजला असल्याचे माझ्या वडिलांनी मालकांना वेळोवेळी निदर्शनास आणून दिले होते.' निदर्शनास! हा शब्द मी तुला चौथीत शिकवला होता. त्याचा उपयोग तू माझ्यावर करशील असं वाटलं नव्हतं. सांगितलं असेल त्याने. मी नाही म्हणत नाही. दिवाळीच्या आधी अंगणात उभा राहून म्हणाला होता, लोखंड सडलाय बाई, येक दिस खाली येल. पण बाळ्या दिवसाला शंभर गोष्टी सांगायचा. आंब्याला कीड लागली, कुत्रं लंगडतंय, विहिरीचा रहाट करकरतोय. प्रत्येकाला कुठे धावायचं? लग्न तोंडावर होतं. म्हटलं, एकदा मनस्वी सासरी गेली की सगळं लोखंड नवं करून घेऊ. केलंही आहे आता. नवा सांगाडा पांढरा रंगवला आहे, छान दिसतो.

मी तुमच्यात कधी भेद केला नाही, जिजा. शाळेत पाणी पहिल्या रांगेत तुला मिळायचं. मनस्वीचे कपडे मी बोहारणीला कधी दिले नाहीत, घडी करून तुझ्यासाठी ठेवले. आमच्याकडे चहा मिळाला नाही असं तू एक दिवस तरी म्हणू शकशील का? तुझा आणि बाळ्याचा पेला गोठ्याच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, पण तो स्वच्छ असायचा, मी स्वतः बघायचे. तुझी आई गेली तेव्हा दहा दिवस तुमच्या घरी भाकरी आमच्या चुलीवरून आली. नर्सिंगच्या प्रवेशाला शेठनी शब्द टाकला. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. उपकार मोजायची मला सवय नाही, आणि ज्यांच्यावर केले त्यांनाही ते मोजायची सवय नसते, हे आता कळलं.

आता हळदीच्या दिवसाबद्दल. ते मनात ठेवून तू हे सगळं करते आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून एकदा बोलूनच टाकते. मी बाळ्याला म्हटलं होतं, हळदीला सगळे या. त्याचा अर्थ त्याला बरोबर कळला. तो सकाळपासून खुर्च्या मांडत होता. तुला मनस्वीने मोबाइलवर 'ये हां नक्की' असं काहीतरी लिहिलं, आणि तू दुपारी पिवळी साडी नेसून, केसांत गजरा माळून, हातात ते काचेच्या वाडग्यांचं खोकं घेऊन आलीस. छान दिसत होतीस. मी मनात म्हटलंही, पोरगी उजळली. मनस्वीला हळद लावलीस, तेही मी चालवून घेतलं, बालपणीची मैत्रीण आहे म्हणून. पण मग पंगत बसली आणि तू सरळ जाऊन बायकांच्या पहिल्या पंगतीत बसलीस. शेठच्या उरणच्या बहिणीच्या मांडीला मांडी लावून. वन्सं सगळ्यांसमक्ष मला विचारतात, ही कोनाची पोर? काय सांगणार होते मी? व्याही समोर बसले होते. मटण वाढायला घेतलं होतं. मांडवातल्या शंभर बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी तुला ओरडले नाही. हे लक्षात ठेव. मी जवळ आले, हसले आणि तुझ्या कानात म्हटलं, जिजा, बायकांच्या बाथरूमला पाणी नाही, टाकीचं जरा बघून ये. इतकंच. शहाणी मुलगी असतीस तर लगेच उठली असतीस. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि ताटातला वडा मोडलास. मग मला तुझ्या दंडाला धरावं लागलं. बाळ्या मांडवाच्या खांबापाशी पाण्याचा जग घेऊन उभा होता. त्याने ते बघितलं. जग खाली ठेवून तो पुढे आला आणि म्हणाला, बस गं पोरी तू, जेव. मी बगतो पानी. आणि गेला. त्याला कोणी वर चढ म्हणून सांगितलं नव्हतं. त्याची मुलगी जेवायची राहू नये म्हणून तो गेला. तू तेव्हाच उठली असतीस, तर खालूनच वर बघून, पाणी आहे म्हणून सांगायला आली असतीस. टाकीवर चढायला तुला कुठे येतं? याचा विचार तू रात्रंदिवस करत असशील. मी तुला दोष देत नाही. पण अर्ज लिहिताना हे वाक्य तू गाळलंस, एवढं मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही.

तर आता कंपनीचं म्हणणं असं आहे की पत्रिका ठीक, पण हा माणूस पाहुणा होता याला पुरावा काय? लग्नाचे फोटो दाखवा. फोटोग्राफरने हळदीचे सहाशे फोटो काढले आहेत. मी आणि हेतलबेन दोन दिवस बघत बसलो. बाळ्या चौदा फोटोंत आहे. एकात खुर्च्या उचलतो आहे, एकात उष्टी पानं गोळा करतो आहे, एकात कुत्रं हाकलतो आहे. जेवतानाचा एकही नाही. तू एकाच फोटोत आहेस. पंगतीतून अर्धवट उठलेली, आणि माझा हात तुझ्या दंडावर. फोटोत मी हसते आहे, पण तुझं तोंड असं काही झालं आहे की कोणीही विचारेल, इथे काय चाललं आहे. तो फोटो काढून टाकायला लावला आहे.

अल्बम अजून छापायला गेलेला नाही. कंपनीला अल्बमच बघायचा आहे.

म्हणून आता शांत डोक्याने ऐक. कंपनीने मानलं, तर बाळ्याची पुढची सगळी सोय होईल. हवा भरलेली गादी, चाकाची खुर्ची, तुला मदतीला एक बाई. नाही मानलं, तर तू कामगार-कामगार म्हणत कोर्टात जाशील, आम्ही घरचा माणूस-घरचा माणूस म्हणत जाऊ, आणि तारखा पडत राहतील. आपण दोघी त्यात म्हाताऱ्या होऊ, जिजा. बाळ्या होणार नाही. पाठीला जखमा झाल्या की किती दिवस असतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणखी एक. शेठनी जमिनीच्या मोजणीसाठी अर्ज केला आहे. तुझ्या तक्रारीशी याचा काही संबंध नाही, कुंपण घालायचं ते गेल्या वर्षीपासून बोलत होते. पण तुमच्या वाडीतली सात घरं आमच्या गटात येतात की वनखात्याच्या, हे आजवर कोणी मोजलंच नव्हतं. आम्ही मोजू दिलं नाही म्हण. आता मोजलं, की जे निघेल ते निघेल. तुझं एक घर असतं तर गोष्ट वेगळी. बाकीच्या सहा घरांनी तुझं काय वाईट केलं आहे? शेठचा राग तुला माहीत आहे. त्यांना थांबवणारं माणूस या घरात एकच आहे, आणि ते तुला हे पत्र लिहितं आहे.

बाळ्याचा अंगठा कालच घेतला. त्याने आनंदाने दिला. लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, की मी हळदीचा पाहुणा म्हणून आलो होतो, जेवणाआधी सहज फिरत टाकीकडे गेलो. सहज फिरत म्हटल्यावर त्याला हसू आलं. म्हणाला, मी कवा फिरलो वो बाई? पण अंगठा दिला. तुझा अर्ज मात्र तुलाच मागे घ्यावा लागेल. भरतजवळ तो कागद आहे, मसुदा मीच केला आहे. गैरसमजातून, दुःखाच्या भरात, असं लिहिलं आहे. तुझ्यासारखं चांगलं नाही जमलं, पण चालेल. सही कर.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. येत्या रविवारी आपल्याकडे सत्यनारायण आहे. मांडव त्याच डेकोरेटरकडून घेतला आहे, पिवळ्या झालरी त्याच. मनस्वी आणि जावई येणार आहेत, वन्संही येतील. त्यांना मी सांगून ठेवलं आहे, त्या तुझ्या शेजारीच बसतील आणि काही विचारणार नाहीत. तू ती पिवळी साडी नेसून ये. बाळ्याला उचलताना तिला लागलेले डाग निघाले नसतील तर धुण्याची खटपट करू नकोस, तसल्याच रंगाची मनस्वीची एक साडी मी इस्त्री करून ठेवली आहे. गजरा आण. बाळ्याला आता फोटोसाठी बसवता येणार नाही, पण पत्रिकेवर सहकुटुंब लिहिलं आहे, तेव्हा हळदीच्या अल्बमात कुटुंब पंगतीत दिसलं की काम होतं. पहिल्या पंगतीत, वन्संच्या उजव्या हाताला, तुझं पान मांडलेलं असेल. सत्यनारायणाला मटण चालत नाही, म्हणून ताटात बटाट्याचा रस्सा असेल. फोटोत तो ओळखू येत नाही, मी काढून बघितला आहे. पहिला वडा मी माझ्या हाताने तुला वाढीन. तू माझ्याकडे वर बघून हसायचंस, म्हणजे मालकीणबाई पाहुणीला आग्रह करताहेत असं येईल. हसणं जमत नसेल तर लहानपणीचं काही आठव, मी तुझी पाटी सगळ्या वर्गाला दाखवली होती तो दिवस आठव. फोटोग्राफर तीन-चार काढेल, तोवर घास तोंडात घालू नकोस, गाल फुगलेले दिसतात. फोटो झाला की मात्र लगेच ऊठ, कारण त्या जागेवर व्याहीणबाई बसायच्या आहेत. मला पुन्हा दंडाला धरायला लावू नकोस.

तुझीच,
भामाबाई